मास्तर आणि भिंतीवरची रेघ

मास्तरांनी एका रविवारी डोकं तुळतुळीत करून घेतलं आणि सोमवारी सकाळपासून त्यांच्या घरी माणसं समाचाराला येऊ लागली. मिशाही गेल्या होत्या. आमच्याकडे पुरुषाने डोकं आणि मिशा एकदम उतरवल्या की त्याचे आई किंवा वडील गेले, हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. मीही शाळेत जाण्याआधी गेलो, मान खाली घालून बसलो आणि म्हणालो, "वाईट झालं."

"काय वाईट झालं?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे... कोण?"

"अरे, कोणी गेलं नाही. मला डोकं हवं होतं. मिशा त्या न्हाव्याने सवयीने उडवल्या, मी सांगितलं नव्हतं."

शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तोवर डोळ्यांना उपरणं लावलं होतं. ते संतापून उठले. "मास्तर, माणसाने निदान दारावर तशी पाटी लावावी!" असं म्हणून ते तरातरा निघून गेले. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मला आत ओढलं, माझी बोटं स्वतःच्या टाळूवर फिरवली आणि म्हणाले, "बघ, तेलाचा थेंब नाही. आता वीज कुठून निसटेल?"

ही गोष्ट पस्तीस-छत्तीस सालची, रत्नागिरीतली. वीस सालानंतरच्या काळात मी मास्तरांच्या वर्गात शास्त्र शिकलो होतो आणि पुढे त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिक्षक म्हणून लागलो होतो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना नावाने कोणी हाक मारलेली मी ऐकलीच नाही. गावात मास्तर पुष्कळ होते, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की तेच.

डोक्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं ते मी पाहिलं होतं. विलायतेहून एक शास्त्राचं साप्ताहिक त्यांच्याकडे येई. बोटीने येईपर्यंत ते इतकं शिळं होई की त्यातल्या बातम्यांचं नवल विलायतेत केव्हाच संपलेलं असे. मास्तरांचं मात्र तेव्हा सुरू होई. एकदा मधल्या सुट्टीत ते अंक हातात नाचवत शिक्षकांच्या खोलीत शिरले.

"दिसतं! माणूस विचार करतो ते दिसतं!"

संस्कृतच्या शास्त्र्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. मास्तर थांबतात कुठले? जर्मनीतल्या एका डॉक्टराने जिवंत माणसाच्या डोक्याला बाहेरून चांदीचे पत्रे लावले आणि मेंदूत खेळणारी वीज मोजली. विलायतेतल्या लोकांनी आधी हसण्यावारी नेलं आणि मग स्वतः करून पाहिलं, तर खरं निघालं. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की ती वीज समुद्रावरच्या लाटांसारखी एका लयीत वरखाली होते. त्याला एखादा हिशेब घाला, काही लक्षात धरायला सांगा, की लाटा बसतात. मन मोकळं झालं की पुन्हा उठतात.

"मास्तर," हेडमास्तर म्हणाले, "हे यंत्र आपल्या शाळेत आणू नका. लाटा उठलेल्याच राहिल्या तर आपल्यापैकी काहींची पंचाईत होईल."

सगळे हसले, मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तोवर टेबलाच्या धारेवर खडूने लाट काढायला सुरुवात केली होती.

त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता आणि तो त्या अंकाच्याही आधीचा. ते म्हणत, माणसाच्या डोक्याला माजघर असतं आणि पडवी असते. जन्मभर साठवलेलं सगळं माजघरात. आत्ता, या घटकेला जे धरून ठेवायचंय, ते पडवीवर. पडवी लहान. चारजण बसले की पाचव्याला जागा नाही. त्याला बसवलं तर पहिला उठून जातो. कोणाची पडवी केवढी आहे हे जाणून घेण्याची त्यांना विलक्षण हाव होती. रस्त्यात भेटले की खुशाली विचारण्याऐवजी ते पाचसहा शब्द सांगत, मग आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत आणि मध्येच म्हणत, "हं, आता ते शब्द उलटे म्हणा."

मासळीबाजारात त्यांनी हा प्रयोग एका बाईवर केला. मी बरोबर होतो.

"बांगडा, सौंदाळा, तारली, सुरमई, मोरी. सांग पाहू उलट्या क्रमाने."

बाईने कोयती खाली ठेवली. "मास्तर, मासळी घ्यायची हाय की परीक्षा? तुमी बामण, खानार न्हाय ता न्हाय, वर माज्या माशांस शेपटाकडून मोजताव?"

आजूबाजूच्या सगळ्याजणी खदखदून हसल्या. मास्तरांना हसण्याशी कर्तव्य नव्हतं. बाजाराबाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पाहिलंस? मी सांगितलेलं तिने ऐकलंच नाही. पडवीचं दार लावून घेतलं. हीसुद्धा एक शक्तीच आहे."

यंत्र उभं राहायला पावसाळ्याआधीचे सगळे महिने गेले. शाळेत आरशाचं एक जुनं गॅल्व्हानोमीटर होतं. बारीक तारेवर टांगलेला आरसा, त्यावर दिव्याचा झोत टाकायचा. तारेतून वीज गेली की आरसा वळतो आणि भिंतीवरचा उजेडाचा ठिपका सरकतो. पण त्याचा आरसा जड, आणि मेंदूच्या लाटा चपळ. मास्तरांनी तो काढून तिळाएवढी आरशाची कपची बसवली. राजिवड्याच्या एका खलाशाने जहाजावरचा मोडीत निघालेला वायरलेस आणून दिला. त्यातले व्हॉल्व्ह काढून मास्तरांनी क्षीण वीज मोठी करायची सोय केली. जमिनीशी जोड द्यायला तार पुरली, तर जांभ्याच्या कोरड्या दगडात तिचा काही उपयोग होईना; शेवटी ती विहिरीत सोडली. त्यानंतर पाणी काढायला येणाऱ्या शेजारणींनी विहिरीकडे यायचंच सोडलं.

खरी अडचण डोक्यांची होती; तेलकट टाळूवरून वीज पत्र्यापर्यंत पोचत नाही. रत्नागिरीत खोबरेल न लावलेलं डोकं मिळणार कुठे? मास्तरांनी वर्गातल्या मुलांना आठवडाभर तेलाशिवाय यायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी आया शाळेच्या फाटकाशी उभ्या. "पोरांची टाळकी तडकतील, मग निस्तरणार कोण?" तेव्हा शेवटी मास्तरांनी स्वतःचंच डोकं उतरवलं.

आणि एका दुपारी, मास्तरांच्या घरी, खिडक्यांना गोणपाट लावलेल्या खोलीत, मी भिंतीकडे पाहत असताना मास्तरांनी डोळे मिटले आणि उजेडाचा ठिपका थरथरायला लागला. इतका भराभर, की ठिपका दिसेनासा होऊन त्याची आडवी रेघ झाली. बोटभर लांबीची, मऊ, पिवळट रेघ. मी ओरडलो, "मास्तर, रेघ!" त्यांनी पाहायला डोळे उघडले, आणि रेघ मिटून पुन्हा ठिपका झाला.

"कुठाय?"

"डोळे मिटा!"

ते मिटत, रेघ येई. उघडत, रेघ जाई. स्वतःची रेघ पाहणं माणसाच्या नशिबातच नव्हतं. मास्तर लहान मुलासारखे रडकुंडीला आले. "तू पाहिलीस ना? शप्पथ सांग. केवढी होती?" मी बोटाने दाखवली. त्यांनी माझं ते बोट धरून ठेवलं.

पुढच्या दिवशी ते पावकी-निमकीचे पाढे मोठ्याने म्हणू लागले, तर रेघ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भडकली. मास्तर नाचले. "बघ, पाढ्यांची ताकद!" मग त्यांना कसलीशी शंका आली. तोंडात सुपारीचं खांड टाकून ते नुसतंच चघळू लागले. रेघ तशीच भडकली. त्यांनी तारा काढून ठेवल्या आणि खिन्नपणे म्हणाले, "ही बुद्धी नव्हे. हा जबडा आहे." तेव्हापासून त्या खोलीत तोंड हलवायला बंदी झाली.

आता माझ्या घराकडे वळतो. मास्तरांचं चित्र काढताना माझ्या वडिलांना बाजूला ठेवता येत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, घनपाठी होते. ऋचेतली पदं सरळ, मग उलटी, मग सरळ अशी एकमेकांत गुंफून म्हणायची, एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, अशी सबंध संहिता त्यांना येत होती. पहाटे उठून विहिरीवर आंघोळ केली की त्यांचा आवाज सुरू होई तो उन्हं अंगणात येईपर्यंत. मी त्यांचा एकुलता मुलगा, इंग्रजी शाळेत गेलो. त्यांनी कधी अडवलं नाही, कधी बोलून दाखवलं नाही. त्यांच्यापाशी असलेलं माझ्यापाशी येऊन थांबलं, याची बोच तेव्हाही होती, आज पन्नाशीतही आहे. शिक्षकांच्या खोलीत कोणी भिक्षुकांची थट्टा केली तर मी गप्प बसत असे, हेही लिहून टाकतो.

त्या वर्षी श्रावणात अण्णांना विषमज्वर झाला. त्यातून ते उठले, पण एक गोष्ट बिघडली. नुकतंच सांगितलेलं त्यांना धरून ठेवता येईना. आईने "मीठ आणा" म्हणावं आणि त्यांनी फाटकाशी जाऊन परत यावं, "काय म्हणालीस?" घरात आम्ही ते चालवून घेतलं. पण पितृपक्ष आला.

श्राद्धात यजमान आपल्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव भटजींना सांगतो. भटजींनी ती तीन नावं मनात धरायची आणि मंत्रात योग्य जागी घालायची. आमच्या आळीत आप्पा आणि बापू असे दोन भाऊबंद. त्यांचा पणजोबा एक. वाडीच्या हद्दीवरच्या दगडी गडग्याचा तंटा आजोबांच्या वेळेपासूनचा, आणि तो अजून कोर्टात. अण्णांनी आदल्या दिवशी बापूकडचं श्राद्ध केलं आणि दुसऱ्या दिवशी आप्पाकडे, पिंड देताना, बापूच्या आजोबांचं नाव घेतलं.

आप्पा पाटावरून उठले. "त्या दरोडेखोराला माझ्या घरचा पिंड? ज्याने माझी जमीन खाल्ली, तो आता माझा भातही खाणार?"

अण्णांनी नाव पुन्हा विचारलं. आप्पांनी सांगितलं. अण्णांच्या तोंडून पुन्हा बापूच्या आजोबांचंच नाव गेलं.

गावाला हसायला कारण मिळालं, पण अण्णांनी घरी येऊन जे केलं ते हसण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या पहाटे ते आंघोळ करून आले, पाटावर बसले आणि तोंड उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "तीन नावं राहत नाहीत, तर संहिता कशी राहील? मडकं फुटलंय. आता म्हणायला लागलो आणि चुकीचा स्वर गेला तर पाप. कुठे गळलंय हे मला नाही कळणार." नुसतं एकदा म्हणून पाहण्याचीही त्यांना भीती. मनातल्या मनातसुद्धा ते म्हणेनात. आमच्या घरातली पहाट मुकी झाली. अण्णा जेवायचेही कमी झाले. आई मला म्हणाली, "असंच चाललं तर हे उन्हाळा बघत नाहीत."

मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी हातातली पक्कड टेबलावर आपटली. "अरे, पण हे तर माझं आहे! पडवीचं छप्पर उडालंय. माजघराला काय झालंय?"

त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले.

"गुरुजी, तुमचे वेद शाबूत आहेत."

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत?" अण्णांनी विचारलं.

"अजून नाही. म्हणून तर डोकं मागायला आलोय."

आई दारातून म्हणाली, "अगोबाई, स्वतःचं उतरवून झालं, आता यांचं!"

"वहिनी, त्यांचं उतरवायलाही नको. शेंडी सोडली तर आयतं तयार आहे. असं डोकं मी वर्षभर शोधतोय!"

मग मास्तरांनी समजावलं. मोठ्याने म्हणायचं नाही; मोठ्याने म्हटलं तर जबडा भिंत खाऊन टाकतो. मनात म्हणायचं. अर्धी ऋचा झाली की गुडघ्यावरचं बोट उचलायचं. पाठ आतून आपोआप वाहत असेल, तर रेघ स्वस्थ राहील. कुठे गळलेलं असेल, कुठे चाचपावं लागत असेल, तर रेघ मिटून ठिपका होईल. "तुम्हाला कळणार नाही कुठे चुकलात ते. भिंतीला कळेल."

अण्णांनी आपल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "सोवळ्यात चालेल?"

मास्तर या प्रश्नाची तयारी करून आले होते. "पत्रे चांदीचे, सोनाराकडून ठोकून आणलेले. खाली फडकं लोकरीचं. लोकर सोवळ्याला चालते. ते भिजवायचं समुद्राच्या पाण्यात."

"आणि वीज?"

"ती तर तुमच्या इंद्राचीच, गुरुजी. मी फक्त उसनी घेतलीय."

अण्णांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी काहीतरी हललं. "बरं," ते म्हणाले. "पण मन घट्ट करून येतो. गळलंय असं दिसलं तर स्पष्ट सांगायचं. दया करायची नाही."

"करणार नाही," मास्तर म्हणाले, आणि मला माहीत होतं की ते खरं होतं. मास्तरांना खोटं सांगता येत नसे. खोटं सांगायला पडवीवर फार माणसं बसवावी लागतात, असं ते म्हणत.

पौषातली दुपार होती. अण्णा सोवळं नेसून, आपला पाट घेऊन आले. आईही आली, ती भिंतीला टेकून बसली. मास्तरांनी एक पत्रा कपाळावर आणि एक मागे, शेंडीच्या खाली, फडक्याने बांधला. माझं काम होतं भिंतीवर रेघेच्या दोन्ही टोकांशी कोळशाने खूण करण्याचं. ते जमेल असं मला वाटत नव्हतं.

अण्णांनी डोळे मिटले. ठिपका थरथरला आणि रेघ उमलली. मास्तरांच्या रेघेच्या दुप्पट. वीतभर!

"बापरे," मास्तर कुजबुजले आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, सुरू करा."

अण्णांच्या गळ्यातली घाटी एकदा वरखाली झाली. काहीच घडलं नाही. रेघ तशीच. मग गुडघ्यावरचं बोट उचललं. पुन्हा ठेवलं. जरा वेळाने पुन्हा उचललं. आई ते बोट बघत होती. इतकी वर्षं ती त्या लयीवर दूध तापवत, भाकरी थापत आली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली: बरोबर चाललंय. आणि रेघ! वाऱ्याविना तेवणाऱ्या वातीसारखी ती भिंतीवर पडून होती. ऋचेमागून ऋचा जात होती, शब्दाचा आवाज नव्हता, आणि त्या काळोख्या खोलीत मला माझ्या लहानपणची पहाट ऐकू येत होती. मास्तर पंजांवर उभे राहून मूठ हवेत हलवत होते.

आणि रेघ मिटली.

ठिपका. स्थिर, टाचणीच्या डोक्याएवढा. अण्णांचं बोट गुडघ्यावर पडलेलं, उठत नव्हतं. मी मनात म्हटलं, गेलं. इथे गळलंय. आईने आमचे चेहरे पाहिले आणि पदर तोंडाशी धरला. मास्तर ठिपक्याकडे असे बघत होते, जणू नजरेनेच तो ताणून लांब करणार होते.

मग ठिपका कापला, रेघ पुन्हा पसरली, बोट उचललं. आणि शेवटपर्यंत ती पुन्हा मिटली नाही.

"झालं," म्हणून अण्णांनी डोळे उघडले. "काय ते सांगा," ते म्हणाले. "दया नको."

मास्तरांनी सांगितलं. "गुरुजी, सगळं एकसारखं होतं. एका जागी मात्र अडलात. शेवटाकडे. तिथे काय होतं?"

अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांचा डावा हात सावकाश वर गेला आणि गालावर ठेवला गेला.

"तुम्हाला ते दिसलं?"

"काहीतरी दिसलं. काय ते तुम्ही सांगा."

"राजापूरला गुरुगृही होतो," अण्णा म्हणाले. "लहान होतो. त्या पदाशी माझा स्वर चुकला, आणि गुरुजींनी अशी लगावली की कानात भुंगा शिरला. तेव्हापासून तिथे आलो की क्षणभर गाल आठवतो. मग पुढे जातो. रोज. पण हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही."

आई पदर सोडून ताडकन म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, आणि हे मास्तरांच्या भिंतीला आधी कळलं!"

मास्तरांनी उडी मारली. दिव्याच्या पेटीला लाथ बसली, व्हॉल्व्हवरचा पुठ्ठा उडाला, आणि त्यांनी सोवळ्यातल्या अण्णांना घट्ट मिठी मारली. अण्णांनी मारू दिली. नंतर त्यांनी मास्तरांना हाताने दूर केलं आणि डोळ्यात डोळे घालून विचारलं, "म्हणजे त्या जागेवाचून दुसरीकडे कुठेही नाही?"

"कुठेही नाही, गुरुजी. फक्त गालापाशी."

अण्णांनी एक लांब श्वास घेतला आणि ते मोठ्याने म्हणायला लागले.

तारा अजून डोक्याला होत्या. रेघ भिंतभर भडकली, कोपऱ्यात वळली, आढ्यापर्यंत गेली. "मास्तर, जबडा!" मी ओरडलो. मास्तर भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. "असू दे रे," ते म्हणाले. "आज त्याचाच दिवस आहे."

दुसऱ्या दुपारी मास्तरांनी दुसरी बाजू पाहिली. त्यांनी तीन नावं सांगितली आणि धरून ठेवायला सांगितलं. रेघ जी मिटली ती मिटलीच. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मग मास्तरांनी सहज विचारलं, "वाडीतले नारळ उतरवले का?" "उतरवले," अण्णा म्हणाले, आणि रेघ आली, आणि नावं गेली. तिन्ही.

"हे परत सुधारेल की नाही, मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

अण्णा म्हणाले, "नसो. माजघर आहे ना? पडवीवर जागा नाही, तर माणसांना अंगणात उभं करू." आणि त्यांनी जे ठरवलं ते मास्तरांना इतकं आवडलं की आठवडाभर ते दुसरं काही बोलत नव्हते.

माघात आप्पांच्या वडिलांचं दरवर्षीचं श्राद्ध होतं. अण्णा बोलावण्याची वाट न पाहता स्वतः त्यांच्याकडे गेले. मी आणि मास्तर मागे.

"भटजीबुवा, यायचं नाही म्हणून सांगितलं होतं," आप्पा म्हणाले. "यंदा कोणाला जेवू घालणार? कोर्टातल्या वकिलाला?"

"मी कोणालाच घालणार नाही," अण्णा म्हणाले. "तुम्ही घाला. मंत्र माझे, नावं तुमची. जागा आली की मी थांबेन. नाव तुमच्या तोंडाने घ्यायचं."

"असं कुठे असतं?"

"आजपासून असेल. माझ्या डोक्यात आता नावं राहत नाहीत, आप्पा. ताप आला त्यात गेली. वेद राहिलेत. ते हवे असतील तर बोला."

इतक्या सरळ माणसाशी भांडावं कसं हे आप्पांना सुचेना. ते मास्तरांकडे वळले. मास्तर म्हणाले, "वेद आहेत. मी पाहिलेत."

श्राद्ध झालं. पिंडाच्या वेळी अण्णा नावाच्या जागी येऊन थांबले आणि हात पुढे करून खूण केली. आप्पांनी वडिलांचं नाव घेतलं. अण्णा पुढे गेले, पुन्हा थांबले. आजोबांचं नाव. आप्पांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. थोरांचं नाव आमच्यात कोणी घेत नाही. आप्पांनी हे नाव आजवर भटजींना घाईघाईत पुटपुटून सांगितलं असेल, नाहीतर कोर्टाच्या पायरीवर चिडून घेतलं असेल. "सदाशिव," ते शेवटी म्हणाले, आणि एवढा भांडखोर माणूस त्या एका शब्दावर फुटला. दर्भ हातात धरून ते हमसून हमसून रडले. अण्णा घाई न करता थांबून राहिले. बाहेर अंगणात मास्तर, तोवर केस पुन्हा उगवलेले, खांबाला धरून उभे होते.

पुढे आळीतले बाकीचे यजमानही म्हणू लागले, नावं आम्हीच घेतो. अण्णा आणखी बरीच वर्षं जगले. पहाटेचा आवाज अखेरपर्यंत राहिला.

मास्तर मात्र युद्धाच्या वर्षांत मुंबईला गेले असताना तापाने गेले. लग्न केलं नव्हतं, मूल नाही, पुतण्या नाही. त्यांनी भिंतीवर जे पाहिलं ते शास्त्राच्या कसाला किती उतरेल, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. आता मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत कागदावर लाटा काढणारी यंत्रं येऊ लागली आहेत आणि तिथल्या डॉक्टरांना माझी हकीगत ऐकून हसू येईल. येऊ दे. मी ती रेघ पाहिली आहे.

दर पितृपक्षात एक तरुण भटजी आमच्याकडे येतात. हुशार आहेत, घाईत असतात, नावं एकदा विचारून घेतात आणि मंत्रात घालून मोकळे व्हायला बघतात. मी हात वर करतो. वडिलांचं नाव घेतो, आजोबांचं, पणजोबांचं. तर्पणात गुरूंची जागा येते, तिथे मी मास्तरांचं नाव सांगतो.

"गोत्र?" भटजी विचारतात.

"माहीत नाही."

"माहीत नसलं तर काश्यप म्हणतात. म्हणू?"

"थांबा," मी म्हणतो. "मी म्हणतो." आणि ज्या माणसाला आम्ही सगळ्यांनी जन्मभर नुसतं मास्तर म्हटलं, त्याचं पूर्ण नाव, मोठ्याने, सावकाश, घरभर ऐकू जाईल असं घेतो.